एलिव्हेटरचा रजेचा अर्ज

“कौन बीमार है? किसको बुखार है? सामने आओ.”

साहेब ओरडत होते आणि आम्ही उसना, म्हणजे उकड्या तांदळाच्या मिलच्या पत्र्याखाली रांगेनं उभे राहून एकमेकांची कपाळं पाहत होतो. साहेबांचा आवाज असा, की मिलमागच्या बोडीच्या पाण्यावरचे बगळे उडाले ते आसगावच्या तलावावर जाऊन बसले, आणि तिथंही ऐकू येऊन राहिलं म्हणून तिथूनही उठले. मी काही त्यांच्यामागं गेलो नव्हतो. पण आसगावच्या एका माणसानं सांगितलं, आणि तो माणूस माझ्याइतकाच खरं बोलतो.

साहेबांच्या हातात पाळीचं रजिस्टर होतं. यंत्रं कशी चालली, काय बिघडलं, पुढच्यानं कशाकडं लक्ष द्यायचं, हे प्रत्येक पाळीच्या ऑपरेटरनं त्यात लिहून ठेवायचं. साहेबांनी त्या दिवशीच्या पानावर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं.

“आय बेग टू स्टेट दॅट एलिव्हेटर इज सफरिंग फ्रॉम लिटल फिव्हर सिन्स मॉर्निंग. काइंडली ग्रँट लीव्ह अँड ऑब्लाइज.”

मग त्यांनी रजिस्टर मिटलं. “ये किसने लिखा?”

अक्षर माझं होतं. असं मोत्यासारखं अक्षर अख्ख्या पवनी तालुक्यात दुसऱ्या कुणाचं नाही, त्यामुळं नाकारायची सोयच नव्हती. मी एक पाऊल पुढं आलो.

“साहेब, बुखार मेरे को नहीं. एलिव्हेटर को था.”

एलिव्हेटर म्हणजे मिलमधला उभा पाळणा समजा. लांब पट्टा, त्याला ओळीनं पत्र्याचे डबे. खालून धान भरायचा आणि तीन माळे वर नेऊन ओतायचा. त्याच्या डोक्यावरचं बेअरिंग सकाळपासून तापलं होतं. हात लावताच मला ते कळलं आणि मी ते इमानदारीनं लिहिलं. साहेबांना वाटलं, एलिव्हेटरवरच्या कुण्या मजुराला थोडा ताप आहे, सुट्टी पाहिजे असेल. त्यांनी पान उलटलं. दुपारी बेअरिंगनं जीव सोडला, शाफ्ट अडकला, पट्टा तुटून डब्यांसकट खाली आला. तो आवाज वरठीच्या स्टेशनापर्यंत गेला आणि तिथल्या लोकांनी गाडी आली म्हणून सामान उचललं. आमची मिल दीड दिवस बंद राहिली, आणि त्यानंतर साहेबांनी ही रांग लावली.

आता माझी बाजू ऐका.

आमच्या शाळेत गुरुजींनी इंग्रजीची एकच गोष्ट मनापासून शिकवली, ती म्हणजे रजेचा अर्ज. परीक्षेत हमखास येतो म्हणून तो असा घोटून घेतला, की पोरं झोपेत ‘बेग टू स्टेट’ म्हणत कूस बदलायची. आमच्या वर्गातला कोणताही पोरगा इंग्रजीत आजारी पडू शकत होता. बरं व्हायचं मात्र कुणालाच शिकवलेलं नव्हतं. तीस वर्षं ते इंग्रजी माझ्या पोटात तसंच बसून होतं. आधीचे मॅनेजर आपल्याकडचे होते, रजिस्टर मराठीत चालायचं, त्यामुळं ते बाहेर काढायची वेळ आली नाही. मग हे साहेब आले. ते पार गोदावरीच्या खालच्या अंगाचे. त्यांना तेलुगू येई, इंग्रजी येई, आणि हिंदी अशी येई की तिच्यात बाप, बाई आणि बैल सगळे एकाच लिंगाचे. रजिस्टरच्या पानाचा फोटो रोज त्यांच्याकडच्या मशीन कंपनीलाही जायचा. साहेबांनी आल्या दिवशीच हुकूम काढला, आजपासून सगळं इंग्रजीत. मी हो म्हटलं. अर्ज तर पाठच होता.

राहिला तो ‘लिटल’. तो माझा दोष नाही, आमच्या मुलखाचा आहे. आमच्याकडं वाईट बातमी सरळ देत नाहीत. माझे सासरे वारले तेव्हा मला निरोप आला, की बुढ्याले थोडं बरं नाही, जमलं तर येऊन जा, अन् येताना बाईले बी आना. ‘थोडं’ ऐकल्याबरोबर मी पायात चपला घातल्या. ज्याच्या घराला आग लागली तो माणूस येऊन सांगेल, की आमच्याकडं थोडा धूर होऊन राहिला गा. चांगली गोष्ट आम्ही दहापट करून सांगतो, मी तर शंभरपट, पण वाईट गोष्ट चिमटीत धरून, बारीक करून द्यायची ही आमची रीत. बेअरिंग भयंकर तापलं होतं, म्हणून तर मी ‘लिटल’ लिहिलं. साहेबांनी लिटल म्हणजे लिटलच धरलं.

“संक्रांति को मैं घर जाएगा,” साहेब म्हणाले. आता ते ओरडत नव्हते, आणि ते जास्त वाईट होतं. “छे दिन. पीछे से मेरे को मेसेज कौन करेगा? तब तक ठीक लिखना आया तो तुम ऑपरेटर. नहीं आया तो बोरा.”

बोरा म्हणजे पोतं. मिलमध्ये लागलो तेव्हा पहिली सहा वर्षं मी पोतीच उचलली होती. पाठीवर धानाचं पोतं घ्यायचं आणि हलत्या फळीवरून ट्रकात चढायचं. मिलमध्ये आलो तेव्हा माझी उंची सहा फूट होती, आता साडेपाच आहे. मधला अर्धा फूट अजून त्या थप्पीखाली दबून आहे, हवं तर येऊन काढून पाहा. त्यानंतर चौदा वर्षं ऑपरेटर. बेअरिंगचा नुसता आवाज ऐकून त्याचं वय सांगावं ते मीच. पंचेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा फळी चढणार नव्हतो. संक्रांतीला दीड महिना होता. इंग्रजी येते म्हणजे काय, आलीच पाहिजे, असं मी ठरवून टाकलं.

पहिल्यांदा पवनीच्या बाजारातून जुना मराठी-इंग्रजी शब्दकोश आणला. एवढा जाड, की सायकलच्या कॅरियरवर बांधला तर पुढचं चाक उचललं गेलं आणि मी घरापर्यंत एका चाकावर आलो. बायको दारातच होती.

“हे का आनलं? पाट?”

“इंग्रजी आहे.”

“एवढी? कोनाकोनाले पुरते?”

मी कोश उघडला. अभ्यासाला बसलेला माणूस उत्तर देत नसतो.

माझी समजूत अशी होती, की साहेब मोठा तर शब्दही मोठाच पाहिजे. कोशात एका मराठी शब्दापुढं पाच इंग्रजी शब्द असले, तर जो सगळ्यात लांब आणि मला सगळ्यात कमी कळणारा, तो मी निवडायचो. एक दिवस एलिव्हेटरचा नवा पट्टा ढिला पडला. मी ‘सैल’ उघडलं. तिथं पहिलाच शब्द ‘लूज’. मला हसू आलं. म्हटलं, कोश करणारा दमला असेल बिचारा, इंग्रजी सुचलं नाही म्हणून आपलाच शब्द घालून दिला. लूज तर माझी आई म्हणायची, खाटेची नवार लूज झाली म्हणून. आई शाळेची पायरी चढली नव्हती, तिला कुठून येणार इंग्रजी? मी पुढं सरकलो आणि एक वजनदार शब्द उचलला. रजिस्टरमध्ये लिहिलं, द बेल्ट इज रिलॅक्स्ड.

साहेबांनी वाचलं. “बेल्ट आराम कर रहा है?”

“हो साहेब.”

“मशीन तो चालू है.”

“चालू है साहेब. लेकिन मन से नहीं.”

दुसऱ्या आठवड्यात पाइपात धान जाम झाला. ‘जाम’ हा तर खास आमच्या झाडीपट्टीतला शब्द, तो साहेबांपुढं कसा ठेवायचा? मी ‘अडकलेला’ पाहिलं आणि लिहिलं, द पॅडी इज इम्प्रिझन्ड. साहेबांनी विचारलं, पुलिस आया था क्या? तिसऱ्या आठवड्यात गिअरबॉक्समधून तेल गळायला लागलं. गळणं म्हटलं की मला आसवं आठवली आणि मी लिहिलं, द गिअरबॉक्स इज शेडिंग टिअर्स. त्या दिवशी साहेबांनी वाचलं. त्यांनी पेनला टोपण लावलं आणि खिडकीतून पोत्यांच्या थप्पीकडं बराच वेळ पाहत राहिले. मीही पाहिलं. थप्पी पहिल्यापेक्षा उंच वाटली.

कुणी दुसरा असता तर इथं हरला असता. मी रोज जेवणाच्या सुट्टीत दहा पानं पाठ करायचो. भाकरीचा तुकडा मोडताना एक शब्द, गिळताना दुसरा. बायकोनं डब्यात भाकरी वाढवून दिली, कारण एका भाकरीत ‘अ’ सुद्धा संपत नव्हता.

मग एका सकाळी ड्रायरचा ब्लोअर खडखडायला लागला. ब्लोअर म्हणजे उकडलेला धान वाळवायला गरम हवा फेकणारा मोठा पंखा. आमचे बॉयलरवाले काकाजी, साठी ओलांडलेले, भट्टीत तूस ढकलता ढकलताच त्यांनी नुसता कान दिला आणि हाक मारली.

“बाबू, ब्लोअरचा बोल्ट लूज झाला पाय. अन् खाली ऑइल बी लीक होऊन राहिलं. टाईट करून घे.”

“तुमचं बरं आहे काकाजी,” मी पाना घेऊन ब्लोअरखाली शिरत म्हणालो. “तुमी मराठीत सांगून मोकळे. मले आता हे इंग्रजीत करा लागन.”

खाली शिरलो तर बोल्ट सापडेना. चौदा वर्षं आम्ही सगळ्यांनी ग्रीसचे हात ज्या कोपऱ्याला पुसले, तिथं भाकरीएवढा जाड थर जमला होता. मी फडक्यानं तो थर खरवडला. त्याखालून पितळेची पाटी निघाली. कंपनीची पाटी, सगळी इंग्रजी. मी आडवा पडल्या पडल्या एकेक अक्षर जुळवलं. चेक लूज बोल्ट. त्याखाली, चेक ऑइल लीक. त्याच्याखाली, स्टॉप इफ बेअरिंग हॉट.

मी तीनदा वाचलं. मग सरपटत बाहेर आलो.

“काकाजी, या पाटीवर लूज कायले लिहून आहे?”

“लूज होते म्हनून.”

“तसं नाही हो. पाटी इंग्रजीची आहे. तिच्यावर आपला शब्द कसा आला?”

काकाजींनी फावडं टेकवलं. “मंग तो त्यायचाच असन.”

“अन् लीक?”

“तो बी.”

“टाईट? जाम? फ्यूज?”

काकाजी भट्टीच्या तोंडाकडं पाहत उभे राहिले. एवढा वेळ, की बॉयलरचा काटा खाली यायला लागला. मग म्हणाले, “म्हंजे मी साठ वर्षांपासून इंग्रजी बोलून राहिलो, अन् मले कोनी सांगतलं नाही.”

त्या दिवसापासून काकाजींची चाल बदलली. कप मागायच्या आधीही ते घसा साफ करू लागले.

माझा कोश त्या संध्याकाळी खरोखरच पाट झाला, बायको त्यावर बसून भाजी चिरते. मी दुसऱ्या रस्त्यानं निघालो. पवनीच्या स्टँडजवळच्या गॅरेजात जाऊन बसलो, वेल्डिंगवाल्याकडं बसलो, गावच्या वायरमनच्या मागं खांबाखांबानं फिरलो. जो तो खिशात इंग्रजी घेऊन फिरत होता आणि तंबाखूसारखी मळत होता. ट्रिप, स्लिप, क्रॅक, बेंड, चोक, फिटिंग, लेव्हल. मी वहीत टिपत गेलो. आठ दिवसांत सातशे शब्द झाले. बायको म्हणते चाळीस. तिचा हिशेब पहिल्यापासून कच्चा आहे.

पण खिशात सापडलं म्हणून सगळंच चालत नाही, हेही लवकर कळलं. वीज गेली तेव्हा मी आपल्या सवयीनं साहेबांना म्हटलं, लाईट गॉन. साहेबांनी आधी डोक्यावरच्या बल्बकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मोटर जळाली तेव्हा म्हटलं, मोटर गॉन. साहेब म्हणाले, कौन लेके गया? त्यावरून मी परीक्षेची रीत काढली. शब्द साहेबांसमोर टाकायचा आणि त्यांचे डोळे कुठं जातात ते पाहायचं. शब्द बरोबर असला तर साहेब यंत्राकडं पाहतात, चुकला तर माझ्याकडं. ‘बेल्ट लूज’ म्हटलं, डोळे सरळ बेल्टवर. ‘मोटर बर्न्ट’ म्हटलं, डोळे मोटरवर आणि साहेब उठून उभे. लांबडे शब्द घातले की डोळे माझ्याच तोंडावर फिरत राहायचे, जसा काही बिघाड तिथंच आहे. मी दिवसातून वीस वीस वेळा साहेबांच्या टेबलावरून जायचो आणि एक एक शब्द टाकून पाहायचो. ते जेवत असताना सुद्धा म्हटलं, साहेब, दाल हॉट. त्यांनी दालीकडं पाहिलं. पास.

संक्रांत आली. साहेब सहा दिवसांसाठी गेले. जाताना म्हणाले, “गाँव में फोन नहीं लगता. मेसेज आता है. मेसेज पढ़ के मैं जो चाहिए वो भेजेगा. समझ में नहीं आया तो कुछ नहीं भेजेगा.”

दोन दिवस मी ‘ऑल ओके’ पाठवलं. ते सोपं होतं. तिसऱ्या दिवशी, ऐन संक्रांतीच्या दुपारी, तिळगुळाचा हात पुसून मी ब्लोअरजवळ गेलो तर जळक्या ग्रीसचा वास आला. बेअरिंगवर पाण्याचा थेंब टाकला. थेंब असा नाचला, की नाचून झाल्यावर आकाशात गेला. आजूबाजूला सगळं तूस उडत होतं. एक ठिणगी पुरे झाली असती.

पण त्या घडीला दोन हौद उकडलेला धान ड्रायरची वाट पाहत होता. मिल थांबली तर तो धान आंबणार, आणि आजवर साहेबाच्या शब्दाशिवाय कुणी मिल थांबवलेली नव्हती. मी लाल बटणासमोर उभा राहिलो. माझ्या पाठीला आपोआप पोत्याचं वजन जाणवायला लागलं. मग मी बटण दाबलं. मिल गप्प झाली. एवढी गप्प, की काकाजींच्या दाढीचे केस वाढल्याचा आवाज यायला लागला.

फोन काढला आणि लिहिलं, ब्लोअर बेअरिंग लिटल हॉट.

बोट तिथंच थांबलं. ते ‘लिटल’ मी लिहिलंच नव्हतं, ते हातानं परस्पर लिहून टाकलं होतं. काकाजी खांद्यावरून वाकले. मी त्यांना वाचून दाखवलं.

“थोडंच लिहिशीन तर तो थोडंच समजन,” ते म्हणाले. “तो काही आपल्या सोयऱ्यातला नाही, बापा.”

“सरळ कसं लिहू काकाजी? चांगलं दिसत नाही.”

“जळून राहिलं तर जळून राहिलं लिही.”

सांगतो, दीड महिन्यातलं सगळ्यात अवघड काम ते होतं. सातशे शब्द शिकलो, पण हा एक पुसणं जमेना. मयतीच्या घरी जाऊन दारातूनच मोठ्यानं बातमी सांगावी, तसं वाटत होतं. तरी मी तो शब्द पुसला. मग एकेक करून लिहिलं, आणि प्रत्येक शब्दाला साहेब समोर बसले आहेत असं समजून त्यांचे डोळे कुठं जातील ते पाहिलं. ड्रायर ब्लोअर. लेफ्ट बेअरिंग व्हेरी हॉट. ग्रीस बर्निंग. आय स्टॉप्ड मिल. वेट पॅडी टू टँक. सेंड न्यू बेअरिंग. खाली बेअरिंगच्या पाठीवरचा नंबर, दोनदा तपासून. पाठवलं.

मेसेजखालच्या दोन टिकल्या निळ्या झाल्या, म्हणजे साहेबांनी वाचलं. उत्तर आलं नाही.

आम्ही वाट पाहत बसलो नाही. हौदातला सगळा धान बाहेर काढला आणि मिलच्या सिमेंटच्या अंगणात उन्हात पसरला. मिलवरच्या बाया, हमाल, काकाजी, मी, सगळे पायानं धान पलटत होतो. मी एवढा फिरलो, की सरळ चाललो असतो तर नागपूर मागं पडलं असतं. दर घटकेला फोन पाहिला. संध्याकाळपर्यंत काही नाही. बायकोला सांगितलं, थोडी अडचण आहे. ती लगेच डोक्यावर पदर घेऊन माझ्या बाजूला येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरच्या बसच्या कंडक्टरनं रस्त्यावर गाडी थांबवून एक खोका दिला. आत बेअरिंग. मी पाठवलेलाच नंबर, एक आकडाही इकडचा तिकडं नाही. दोन तासांत आम्ही ते बसवलं, ब्लोअर फिरला, धान ड्रायरवर गेला. दाणाही आंबला नाही. काही पोती जराशी आंबली, पण ती मी धरत नाही.

साहेब सातव्या दिवशी आले. पिशवी ठेवली आणि पहिल्यांदा ब्लोअरकडं गेले, बेअरिंगवर तळहात ठेवून उभे राहिले. मग येऊन रजिस्टर उघडलं आणि सहाही दिवसांची पानं वाचली. एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. मी समोर उभा होतो. माझ्या डोक्यात तोवर हारतुरे झाले होते, भंडाऱ्याहून बँड येऊन निम्म्या रस्त्यात पोचला होता.

“मिल किसने रोका?” साहेबांनी पान उलटत विचारलं.

“मैंने रोका साहेब.”

ते पुढचं पान वाचू लागले. शेवटी मलाच राहवलं नाही.

“साहेब, मंग मेरा बोरे का क्या?”

“बोरा उठाने को आदमी है,” साहेब म्हणाले. “तुम लिखो.”